जिनिंगचे कान

आदिलाबादच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत नवा माणूस राहायला आला, की पहिल्याच आठवड्यात त्याला एक शंका येते. रस्त्याच्या या बाजूच्या ओट्यावर एक उंच बाई बसलेली असते, त्या बाजूच्या ओट्यावर एक बुटकी. मधून कापसाचे ट्रक, ऑटो, म्हशी, शाळेच्या गाड्या असं सगळं चाललेलं असतं, आणि या दोघी एकमेकींकडे बघून नुसती तोंडं हलवत असतात. आवाज मुळीच नाही. मधेच एक पदर तोंडाला लावून हसते, दुसरी कपाळावर हात मारते. नवा माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, समोरच्या बाया जरा चळलेल्या दिसतात. मग गल्लीतलं कोणीतरी जुनं माणूस त्याला समजावतं, की बाबा, त्या चळलेल्या नाहीत, त्या तुझ्याबद्दल बोलतायत.

उंच ती सोनाबाई आणि बुटकी ती गयाबाई. दोघींचं अर्धं आयुष्य जिनिंगमध्ये गेलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, आणि सरकी काढणारं यंत्र म्हणजे रेचा. एका शेडमध्ये अशा रेच्यांच्या समोरासमोर दोन रांगा, आणि प्रत्येक रेच्यापाशी कापूस लोटत उभी असलेली एक बाई. रेचे सुरू झाले की शेजारणीच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी तिला कळत नाही. आता बायका दिवसभर समोरासमोर उभ्या राहणार आणि एकमेकींशी एक शब्द बोलणार नाहीत, हे ब्रह्मदेवाला तरी जमवता आलं असतं का? म्हणून त्यांनी आवाज वजा करून बोलायची रीत काढली. ओठ पुरते आणि सावकाश हलवायचे, समोरचीनं कान नव्हे तर डोळे द्यायचे, आणि कुठं अडलंच तर भुवया आणि बोटं आहेतच मदतीला. याला त्या ओठी बोलणं म्हणत. मालकाची आणि मुकादमाची यथेच्छ निंदा त्यांच्यासमोर उभं राहून व्हायची, आणि त्या बिचाऱ्यांना कशाचा पत्ता लागायचा नाही.

सोनाबाई ही विद्या भैंसा गावात शिकली. तिची आई तिथल्या एका जिनिंगमध्ये होती, आणि लेक हाताशी आल्यावर आईच्या समोरचा रेचा लेकीला मिळाला. अमृतराव तिला बघायला आला तेव्हा ही विद्या कामी आली. पाहुणे पुढच्या खोलीत, सोनाबाई चुलीपाशी, मधे दाराची फट. त्या फटीतून तिनं पाहिलं, की मुलगा मामाकडे झुकून काहीतरी पुटपुटतोय. "पोरगी मायापेक्षा उंच हाय," तो म्हणत होता, "पण हासते लय चांगली. लोक काय म्हनतीन ते म्हनू दे." घरात कोणालाही ऐकू न गेलेलं हे बोलणं सोनाबाईला लख्ख ऐकू गेलं, आणि तिनं पाहुण्यांच्या चहात मूठभर साखर जास्त घातली. सांगायची गोष्ट ही, की तेव्हा अमृतरावाला मिशी नव्हती. मिशी त्यानं लग्नानंतर वाढवली. बायको उंच, तेव्हा आपल्याकडेही काहीतरी भरघोस असावं, असं त्याला वाटलं असणार.

आणि भरघोस म्हणजे किती? वरचा ओठ तर सोडाच, खालच्या ओठाचाही निम्मा कारभार त्या मिशीनं ताब्यात घेतला. अमृतराव गावाबाहेर तुकडाभर जमिनीत भाजीपाला करतो आणि रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, नेऊन विकतो. बाजारात त्याच्या वांग्यांना जेवढी ओळख नाही तेवढी त्याच्या मिशीला आहे.

सोनाबाईचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी कोकीळ गेली, मग कुकरची शिटी, मग पहाटेचा देवळातला भोंगा. तिला वाटलं, यंदा कोकीळच आली नाही, आणि भोंगा बिघडला असेल. माणसांचं बोलणं मात्र कमी झालं नाही, कारण ते तिचे डोळे कधीचेच ऐकत होते. जिनिंग सोडून ती नवऱ्याबरोबर बाजारात बसू लागली तरी तिचं काही अडलं नाही. मग ते मास्कचं वर्ष आलं, आणि एका सकाळी सगळ्या जगाचा आवाज बंद झाला. सोनाबाईला वाटलं, रोगाच्या भीतीनं लोक हळू बोलतायत. शेवटी गयाबाईनं रस्त्यापलीकडून आपला मास्क खाली ओढला आणि ओठांनी सांगितलं, "सोने, लोकं बोलून राह्यले. तूच बयरी झाली. मी बी अर्धी झालीच हाव."

त्या दिवशी सोनाबाई ओट्यावरून उठलीच नाही. बहिरेपणाचं तिला एवढं वाटलं नसतं. तिला आठवले दादाजी मुकादम. जिनिंगमध्ये सगळ्यांना हसवणारा माणूस, उतारवयात ठार बहिरा झाला. घरच्यांनी महिनाभर ओरडून ओरडून सांगितलं, मग त्यांचे घसे दुखायला लागले, मग नुसत्या हाताच्या खुणा राहिल्या, जेव, झोप, सरक तिकडं. शेवटी खुणाही संपल्या. सोनाबाई भेटायला गेली तेव्हा दादाजी खुर्चीत बसलेले, समोर चहा, भोवती भरलेलं घर खळखळून हसतंय, आणि दादाजी एकेकाच्या तोंडाकडे बघत उगीच हसल्यासारखं करतायत. वेळेवर चहा मिळायचा, बोलणं मिळायचं नाही. बोलण्यावाचून आपण चार दिवस जगणार नाही, हे सोनाबाईला पक्कं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून तिनं ती मूठ जी आवळली ती आवळली.

बाजारात ती गिऱ्हाइकांना दरडावू लागली, "मास्क खाली करा. चेहरा पाह्यल्याशिवाय मी भाजी देत नाही." लोकांना वाटलं, काय धीराची बाई आहे! मुलगा प्रवीण मंचेरियलला कोळशाच्या कंपनीत, सुट्टीला घरी येणारा. त्याला तिनं बजावून ठेवलं, की व्हिडिओवर दिसत असशील तरच फोन कर. "तोंड दिसत नसन तं तो फोन कायचा? तो रेडिओ झाला." मागून कोणी हाक मारली तर ती वळत नसे, आणि गल्लीत बोलणं सुरू झालं, की पोरगा नोकरीला लागल्यापासून सोनाबाईला गर्व चढला. तिनं ते आनंदानं चढू दिलं. गर्विष्ठ म्हटलेलं चालेल, पण बहिरी म्हणायला नको.

तिची सगळी विद्या एकाच ठिकाणी हरली, आणि ते ठिकाण म्हणजे नवऱ्याची मिशी. अमृतराव रोज सकाळी सायकल काढायचा, फाटकाशी थांबून मागे वळायचा आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणायचा. मिशी हलायची, ओठ काही दिसायचे नाहीत. सोनाबाई म्हणायची, "हो." तो जायचा. दुपार कलली, पोटात कावळे ओरडायला लागले, तरी तो येईपर्यंत ती जेवत नसे, आणि गल्लीतल्या बाया आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. मिशी काढायला लावायचे तिनं नाना उपाय केले. दूध लागतं म्हणून झालं, पांढरी झाली म्हणून झालं, मिशीतून रोग पसरतात असंही एकदा ठोकून दिलं. अमृतराव बधला नाही. "मिशी गेली तं मंग मानसात राह्यलं काय?" एवढं मात्र तो मान वर करून, ओठ फाकवून बोलला, म्हणून तिला समजलं.

अशा घरात नेहा सून म्हणून आली. मुधोळची मुलगी, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, हुशार, हसरी. आवाज तेवढा बारीक. इतका बारीक, की तिनं झुरळ बघून किंकाळी मारली तरी झुरळ हलत नसे. गल्ली म्हणाली, सून मुकी आहे. अमृतराव म्हणाला, पोरगी गरीब आहे. एकट्या सोनाबाईला या तक्रारीचा अर्थच कळेना. नेहाचे ओठ कसे, तर छापलेल्या पुस्तकासारखे स्वच्छ. कॉलेजात इंग्रजीचे उच्चार घोटून घोटून तिला प्रत्येक अक्षर पुरतं म्हणायची सवय लागलेली. नेहाशी बोलताना सोनाबाईला डोळे बारीक करावे लागत नसत, की अंदाज बांधावा लागत नसे. "माई सून दिवसभर बोलते," ती ठासून सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, सासूचं सुनेवर आंधळं प्रेम आहे. प्रेम होतंच, पण आंधळं नव्हतं.

नेहाला कॉलेजात शिकवायचं होतं. दोन कॉलेजांनी तिला मुलांसमोर धडा घेऊन दाखवायला बोलावलं, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं, की मॅडम, तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. तिसऱ्या कॉलेजाचं बोलावणं आलं तेव्हा ती घाबरली. ही नोकरी हुकली की गावात चौथं कॉलेज नव्हतं.

"तू मायासमोर म्हन," सोनाबाई म्हणाली. "मी दूर बसते. मले ऐकू आलं तं साऱ्या कालेजले येईन."

हे बोलताना तिच्या मनात काही पाप नव्हतं. सुनेला धीर द्यावा, एवढंच. आणि दुसरं काय म्हणणार होती ती? मूठ उघडायची तिची तयारी नव्हती.

विषय नेहानं निवडला होता, डोरीन हॅस्लम नावाच्या एका आधुनिक ब्रिटिश कवयित्रीचं आयुष्य आणि कविता. पहिल्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिनं ते सासूला आधी मराठीत सांगितलं. डोरीन लँकेशायरच्या एका गिरणीगावात जन्मली. आई मागावर, दोन मावश्या मागावर. मागांचा गोंगाट एवढा, की...

"की ओठांनी बोलत असतीन," सोनाबाई म्हणाली.

नेहाच्या हातातली मेथी हातातच राहिली. "आई, तुम्हाला कसं माहीत?"

"अवं, मानसाची जात ते. कुठंबी जा, पळसाले पानं तीनच." आणि सोनाबाईनं लगेच रस्त्यापलीकडे गयाबाईला ओठांनी कळवून टाकलं, की विलायतेतबी आपल्यासारख्या बाया होत्या. गयाबाईनं विचारलं, त्या मुकादमाला काय शिव्या घालत? ते पुस्तकात नव्हतं.

त्यानंतर डोरीनबाई जणू घरातली पाहुणीच झाली. ती बोलताना तोंड फार वेडंवाकडं करते म्हणून शाळेत तिला मार बसला, हे ऐकून सोनाबाई त्या मास्तरणीवर चिडली. मोठेपणी ती एका छोट्या वाचनालयात पुस्तकं लावायचं काम करायची आणि येताजाता बसमध्ये कविता लिहायची. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा केस पिकायला लागले होते. "मंग? पिकू दे," सोनाबाई म्हणाली. सोनाबाईची सगळ्यात आवडती कविता चर्चमधली. कोणाच्या तरी अंत्यविधीला पाद्री गंभीर प्रार्थना म्हणतोय, डोरीनची एक मावशी या टोकाला बसलेली, दुसरी त्या टोकाला, आणि दोघी आवाज न करता एकमेकींना सांगतायत, की पाद्रीबाबाच्या झग्याखालून त्याचा झोपायचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिसतोय. भरल्या शोकसभेत फक्त डोरीनची आई तेवढी फसकन हसते. ही गोष्ट सोनाबाईनं पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

एक कविता मात्र तिनं एकदाच ऐकली. डोरीनची आई म्हातारपणी ठार बहिरी होते. एका संध्याकाळी घरातली माणसं जेवायच्या टेबलावरचा दिवा कोपऱ्यातून उचलून मधोमध आणून ठेवतात, सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. एवढीच कविता.

सोनाबाई बराच वेळ मेथीची एकच काडी फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिनं घरच्यायले सांगतलं होतं काय? का त्यायनंच ओयखलं?"

"तेवढं कवितेत नाही लिहिलं, आई."

"लिवाले पाह्यजे होतं," सोनाबाई म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

मग सराव सुरू झाला. नेहा ओट्यावर उभी राहून आधी इंग्रजीत म्हणायची, मग मराठीत. सोनाबाई पहिल्या दिवशी अंगणात बसली. "आवाज येते काय, आई?" "खणखणीत!" दुसऱ्या दिवशी ती फाटकापाशी गेली. "खणखणीत!" शेवटी ती रस्ता ओलांडून गयाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. मधून कापसानं भरलेला ट्रक हॉर्न वाजवत गेला, आणि धूळ खाली बसल्यावर पलीकडून हात वर झाला, "खणखणीत!"

"ट्रक गेला तरी?" नेहानं जवळ येऊन विचारलं.

"जिनिंगचे कान हायेत माये," सोनाबाई म्हणाली. "ट्रकाले काय भेतात?"

प्रवीण एकदा व्हिडिओवर म्हणाला, की नेहा, तू बोलतेस ते नीट ऐकू येत नाही. सोनाबाईनं फोन ओढून घेतला आणि सांगितलं, तुझ्या मंचेरियलचं नेटवर्क खराब आहे. या सगळ्यातून एक चमत्कार झाला. इंग्रजी सोनाबाईला येत नव्हतं, पण नेहाचं इंग्रजी येऊ लागलं. कुठं डोरीनबाई शाळेत मार खाते, कुठं ती बसमध्ये चढते, कुठं पायजमा दिसतो, हे तिला सुनेच्या ओठांच्या वळणावरून न चुकता कळे.

धड्याच्या दिवशी नेहा सासूला बरोबर घेऊन गेली. प्राचार्य सुधाकरराव सज्जन माणूस. त्यांनी सोनाबाईला हॉलच्या अगदी शेवटच्या बाकावर बसवलं. माइक नव्हता, आवाजच तपासायचा होता ना! पुढे दीडशे पोरं, त्यांच्या पुढे परीक्षक, आणि पार तिकडे फळ्यापाशी नेहा. सोनाबाईला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि एकटीचं तोंड.

नेहानं सुरुवात केली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. का असेल? ट्रकाच्या वरताण ऐकू जाणारा आवाज होता तिचा! सोनाबाई खुशीत मान डोलावू लागली. डोरीनबाई जन्मली, गिरणी सुरू झाली, मास्तरणीनं मारलं. पुढची पोरं चुळबुळत होती, कोणी कोणाच्या कानाशी लागत होतं, सुधाकररावांनी कानामागे तळहात धरला होता, पण हे सगळं मागून कसं कळावं? डोरीनबाई चर्चमध्ये शिरली. पाद्री उभा राहिला. आता झगा, आता पट्ट्या, आता पायजमा...

सोनाबाई खदाखदा हसली. दणदणीत हसली, बहिऱ्या माणसाला आपलं हसू केवढं होतं ते कळत नाही.

सगळा हॉल एकदम मागे वळला. दीडशे चेहरे, आणि एकावरही हसू नाही. तिच्या अगदी पुढच्याच बाकावरचा एक पोरगा दुसऱ्याला तेलुगूत म्हणत होता, आणि बाजारातलं तेलुगू सोनाबाईला ओठांवरून चांगलं वाचता येत होतं. तो म्हणत होता, "आपल्याला एक अक्षर नाही येत ऐकू. म्हातारीला कसं आलं?"

म्हणजे कोणालाच ऐकू येत नव्हतं. पहिल्या दिवसापासून येत नव्हतं. अंगणात नाही, फाटकाशी नाही, ट्रकात तर नाहीच. पोरीला आपण खणखणीत खणखणीत म्हणत भर चौकात आणून उभं केलं होतं. नेहा अजून ओठ हलवत होती, विश्वासानं, सासूकडे बघून. गप्प बसावं तर मूठ झाकलेली राहते आणि पोरगी बुडते. सोनाबाईला दादाजींची ती खुर्ची दिसली, आणि तरी ती उठून उभी राहिली.

"नेहा! थांब, माय!" ती ओरडली. "तुया आवाज येऊन नाही राह्यला. कोनालेच नाही. मले तं कधीच आला नाही. मी बयरी हाव! इतले दिवस मी तुये ओठ पाहून खणखणीत म्हनत होती!"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, अर्थात सोनाबाईला सोडून.

नेहाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आणि मग त्या झुरळालाही न हलवणाऱ्या पोरीच्या पोटातून, कुठून कोण जाणे, असा आवाज निघाला की खिडकीवरचं कबूतर उडालं. "काऊन नाही सांगितलं, आई? काऊन नाही सांगितलं मले?" एम.ए.चं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं. "मी काय परकी हाव? रोज तुमच्याशी बोलून राह्यली, अन् तुमी एवढं एकटीनं सोसून राह्यल्या? काऊन?"

सुधाकररावांनी कानामागचा हात हळूच काढला. "मॅडम," ते म्हणाले, "आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. आता त्याच आवाजात तो पायजमा पुन्हा सांगा. आम्हालाही हसायचं आहे."

नेहानं डोळे पुसले आणि सांगितला. रागाचा आवाज उतरायला वेळ लागतो, तो तास संपेपर्यंत पुरला. हॉल हसला, आणि दिव्याच्या कवितेला गप्प झाला. नोकरी मिळाली हे आत्ताच सांगून टाकतो, कारण सोनाबाईचं लक्ष तिकडे नव्हतं.

परतीच्या ऑटोत नेहा बाहेर तोंड करून बसली. सोनाबाई तिच्या मानेकडे बघत राहिली. मान काही बोलत नाही. संध्याकाळी अमृतराव आला तेव्हा नेहा त्याच्यासमोर उभी राहून हातवारे करत बराच वेळ काही सांगत होती, पाठ सोनाबाईकडे. अमृतरावाची मिशी एकदा हलली, मग थांबली. जेवताना कोणी बोललं नाही. सोनाबाईनं मनात म्हटलं, झालं, दादाजीसारखं सुरू झालं. आता खुणा, आणि मग खुणाही नाहीत.

सकाळी अमृतराव सायकल न घेताच बाहेर पडला. फाटकाशी थांबला नाही, मागे वळला नाही, मिशीही हलली नाही. आजपर्यंत निदान ती हलायची तरी! सोनाबाई ओट्यावर येऊन बसली. समोर गयाबाई काहीतरी विचारत होती, पण सोनाबाईला डोळे भरल्यामुळं ओठ दिसेनात.

बऱ्याच वेळानं फाटक उघडलं. अमृतराव आत आला तो तोंडाला उपरणं लावून, चोरासारखा. तिच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून बसला आणि त्यानं उपरणं काढलं.

मिशी नव्हती. तिच्या जागी पांढरीफटक पट्टी, तिच्याखाली दोन ओठ. दाराच्या फटीतून पाहिलेला तो मुलगा सोनाबाईसमोर बसला होता, फक्त केस पिकलेले.

"दिसून राह्यलं काय आता?" ते ओठ म्हणाले.

सोनाबाईनं मान हलवली. तिला आता रडू आवरेना. दारात नेहा उभी होती. ती पुढे आली, सासूच्या समोर बसली आणि ओठ पुरते, सावकाश हलवत म्हणाली, "काल मी बाबांना ती दिव्याची कविता सांगितली, आई. ते एवढंच म्हणाले, की न्हाव्याचं दुकान किती वाजता उघडते?"

सोनाबाई डोळे पुसत नवऱ्याकडे वळली. "आता सांगा. रोज फाटकातून काय म्हनता तुमी मले?"

"काय म्हनीन? जेवून घेजो म्हनतो. मले उशीर होते, वाट नको पाहू. तू रोज हो म्हनते अन् रोज उपाशी बसते. मले वाटे, बायकोचा जीव हाय, आयकत नाही."

"अन् मले वाटे, तुमी म्हनता मी येईपर्यंत थांबजो!"

"म्हंजे इतले वर्सं फुकटच उपाशी?"

सोनाबाई हसायला लागली, कालच्यासारखीच दणदणीत. रस्त्यापलीकडे गयाबाई उठून उभी राहिली आणि तिनं तळहातानं ऊन अडवत ओठांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हनते ते?" अमृतरावानं तिच्या नजरेसमोर तोंड आणून विचारलं.

"इचारते, हा पोरगा कोन बसला तुयापाशी?"

अमृतरावाचा हात मिशी पिळायला वर गेला आणि रिकामाच खाली आला. मग त्यानं सायकल काढली. फाटकाशी थांबला, मागे वळला, आणि उघड्या ओठांनी, एकेक शब्द वेगळा करत म्हणाला, "जेवून घेजो. मायी वाट नको पाहू."

"हो," सोनाबाई म्हणाली. आणि दुपारी दोन ताटं झाकून ठेवून त्याची वाट बघत बसली.